जमाखर्च : ॲम्प्लिफायर घ्यावा काय?

मागच्या रविवारी वस्तीतील एक मुलगा आमच्या घरी आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्याला वसतिगृहात राहतो, वडील सफाई कामगार. "जयभीम काका," म्हणून बसला आणि खिशातून कागद काढला. त्याला हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा होता. किंमत नऊ हजार. अडकलेली शिष्यवृत्ती नुकतीच खात्यात जमा झाली होती. "तुम्ही बाबांना जरा समजावून सांगा," एवढेच त्याचे म्हणणे.

वाचकहो, "हे कसले चोचले" असे आमच्या अगदी ओठावर आले होते. पण आम्ही गप्प राहिलो. एका खोलीत चारजण राहतात, एकाचा मोबाइल वाजतो, दुसऱ्याच्या गप्पा चालतात. तिथे हेडफोन लावूनच हा व्याख्याने ऐकतो, रात्री गाणीही ऐकतो. गरिबाच्या पोराने चांगले ऐकू नये असा काही कायदा नाही. आणि दुसरे कारण असे की, या बाबतीत आमची स्वतःची पाटी कोरी नाही. कॉलेजात असताना आम्ही स्पीकरचा एक संच घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१२०० वॅट पीएमपीओ' छापलेले. तो आकडा कसा मोजायचा याचा काही ठराविक नियमच नसतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. परीक्षेची फी आईने भिशी उचलून भरली. ती त्यावर एक शब्द बोलली नाही, हेच जास्त लागले. असो.

तर आम्ही त्याला विचारले, हेडफोन कोणता? मावसभावाने वापरून दिलेला, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स. आता कुठल्याही हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात, ते आधी पाहावेत. एक रोध, तो ओहममध्ये. दुसरा, एक मिलीवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग दिल्यावर आवाज किती होतो, तो डेसिबलमध्ये. या हेडफोनचे आकडे ३८ ओहम आणि ९९ डेसिबल. आम्ही बी.कॉम.; ओहमचा नियम शाळेत शिकलो तेवढाच. हिशेब मुलाने मांडला, आम्ही ताळा पाहिला. लॅपटॉपने नुसता अर्धा व्होल्ट दिला असे धरले तरी या हेडफोनला साडेसहा मिलीवॅट मिळतात, आणि आवाज १०७ डेसिबलपर्यंत जातो.

हा आवाज किती मोठा? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकावे, त्याहून जास्त नाही. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. या दराने १०७ डेसिबलला आठवड्यात पाच मिनिटेही पुरी मिळत नाहीत! म्हणजे आवाज आताच गरजेपेक्षा जास्त आहे. ॲम्प्लिफायरचे मुख्य काम जोर वाढवणे, आणि इथे जोर कमी नाहीच.

मग ही वस्तू निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. काही हेडफोन जास्त रोधाचे असतात. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० ओहममध्येही मिळतो आणि २५० ओहममध्येही. यातल्या २५० वाल्याला त्याच अर्ध्या व्होल्टात एकच मिलीवॅट मिळतो, आवाज ९६ डेसिबल. तोही एरवी पुष्कळ झाला. पण शास्त्रीय गायनासारखे हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेले काही ऐकायचे तर तो अपुरा पडू शकतो. तिथे ॲम्प्लिफायर खरोखर कामाला येतो. परीक्षा सोपी आहे. आपल्याकडचे सर्वांत हळू गाणे लावावे, आवाज पूर्ण वाढवावा. कानाला नकोसे झाले तर ॲम्प्लिफायरची गरज नाही. ब्लूटूथवर चालणाऱ्या हेडफोनमध्ये तर ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, त्याचा प्रश्नच येत नाही.

"पण काका, खरखर येते त्याचे काय? आणि बासही पूर्वीसारखा नाही." खरे दुखणे हे निघाले. खरखर लॅपटॉपच्या आतून येत असेल तर ॲम्प्लिफायर काय करणार? गाणे वाढवील तशी खरखरही वाढवील. त्यावर उपाय म्हणजे ध्वनीचे रूपांतर लॅपटॉपच्या बाहेर करणे. तसे यूएसबीला लावायचे छोटे अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतात. आम्ही त्याला सांगितले, आधी चार्जर काढून ऐकून बघ. आणि बासचे म्हणशील तर हेडफोन दाखव.

त्याने पिशवीतून काढला. कानावरच्या गाद्यांचे वरचे आवरण सोलून गेलेले, एका बाजूचा फोम बाहेर आलेला. गादी कानाभोवती घट्ट बसली नाही तर बास फटीतून निघून जातो; मग ॲम्प्लिफायर नऊ हजारांचा आणा की नव्वद हजारांचा. बिचाऱ्याने महिनाभर कुठल्या ॲम्प्लिफायरला किती वॅट याची तुलना केली होती, गाद्यांकडे पाहिलेच नव्हते.

वडिलांशी बोलायची वेळ आली नाही. बुधवारी त्याचा फोन आला. चार्जर काढल्यावर खरखर बंद होते म्हणाला. अडॅप्टर चारशेचा आणि गाद्यांची जोडी सातशेची मागवली आहे. मेसची दोन महिन्यांची बाकी भरली. उरलेले पैसे बाबांकडे द्यावेत की खात्यातच ठेवावेत, असे विचारत होता. आम्ही म्हणालो, ते त्यांनाच विचार.