साठ हजारांचा गरीब

जयपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात बँकेला दावा लावायचा असेल, तर येणे किमान वीस लाखांचे असावे लागते. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार याच न्यायाधिकरणाकडे आणखी एक माणूस यायचा होता. पस्तीस हजारांचे कर्ज फेडता न येणारा. रामगंजमध्ये रोजंदारीवर नगिने घासणारा, नाही तर सांगानेरला कापडावर ठसे मारणारा. तो अजून आलेला नाही. त्याला येताच येत नाही.

संहितेतल्या त्या प्रकरणाचे नाव ‘फ्रेश स्टार्ट’. कलम 80 त्याच्या अटी सांगते. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत. मालमत्ता वीस हजारांच्या आत. कर्ज पस्तीस हजारांच्या आत. स्वतःचे घर नसावे. गहाण पडलेलेही चालणार नाही. एवढे जुळले की अर्ज, 180 दिवस वसुलीला मनाई आणि छाननीत टिकलेले कर्ज माफ. दिवाळखोर म्हणून जाहीर होण्याची पाळी नाही. मे 2016 मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. हे प्रकरण लागू करणारी अधिसूचना मात्र निघालीच नाही. व्यक्तींविषयीच्या त्या सगळ्या भागातून डिसेंबर 2019 मध्ये फक्त एक माणूस वेगळा काढला गेला: कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारा. बँकांना त्याच्याकडूनच वसुली करायची होती. म्हणजे संहितेचा जो तुकडा धनकोच्या कामाचा, तो सुरू झाला.

तोवर कर्जदाराने काय करायचे? लोकअदालतीत जायचे, किंवा एकरकमी तडजोडीसाठी बँकेच्या शाखेत खेपा घालायच्या. दोन्ही मार्ग चांगले आहेत, बँक राजी असेल तर. लोकअदालतीत तडजोड झाली नाही तर प्रकरण होते तिथे परत. झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का. त्यावर अपील नाही, आणि ठरलेला हप्ता चुकला की त्याच निवाड्यावर वसुली. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बिजनौरच्या नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्टच केले. शेतकऱ्यांसाठी राजस्थान विधानसभेने ऑगस्ट 2023 मध्ये कर्जमुक्ती आयोगाचे विधेयक तरी मंजूर केले. नगिने घासणाऱ्याचा विचार त्यात नाही. धनकोच्या मर्जीवाचून सुटका देऊ शकणारी जी वाट त्याच्यासाठी आखली होती, ती कलम 80 मध्ये बंद आहे.

आणि समजा, उद्या ती उघडली. साठ हजार म्हणजे महिन्याला पाच हजार. गरीब कोण हे रिझर्व्ह बँकेनेही ठरवले आहे, पण ते कर्ज देण्यासाठी. मायक्रोफायनान्सच्या विनातारण कर्जाला पात्र कुटुंबाची उत्पन्नमर्यादा आधी ग्रामीण भागात सव्वा लाख आणि शहरात दोन लाख होती. एप्रिल 2022 पासून ती सरसकट तीन लाख झाली. एक मर्यादा कुटुंबाची, दुसरी एकट्या कर्जदाराची, हे मान्य. तरीही हिशेब करून पाहावा. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ते असावेत, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तीन लाखांच्या घराला महिना पंचवीस हजार. हप्ते साडेबारा हजारांपर्यंत. तीन महिन्यांचे झाले साडेसदतीस हजार. नियमात बसणारे तीन महिन्यांचे हप्ते थकले, तरी तेवढ्यानेच माफीची पस्तीस हजारांची मर्यादा ओलांडली जाते. मुद्दल तर अजून मोजलेलेच नाही.

शिवाय तारणावरचे कर्ज या माफीत धरतच नाहीत. धार्मिक रूढीनुसार अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना संहितेने मालमत्तेतून वगळला आहे. ही नजर बारीक आहे. पण अट अशी की तो गहाण नसावा. कर्जाने गांजलेल्या घरातले मंगळसूत्र सर्वांत आधी कुठे जाते, हे मसुदा लिहिणाऱ्यांना कोणी सांगितले नसावे.

माफीने परतफेडीची शिस्त बिघडेल, ही धास्ती नेहमी पुढे केली जाते. त्या धास्तीचा विचार झालेला होता. ऑगस्ट 2019 मध्ये तेव्हाचे कॉर्पोरेट व्यवहार सचिव इंजेती श्रीनिवास यांनी सांगितले होते, की एकदा लाभ घेतला की पुढची पाच वर्षे तो पुन्हा मिळणार नाही. मायक्रोफायनान्स कंपन्यांशी बोलणी झाली असून त्यांचे समाधान होईल असाच तपशील ठरवला आहे, असेही ते म्हणाले होते. अंदाजही बांधून झाला होता: साऱ्या देशात मिळून, तीन-चार वर्षांत, दहा हजार कोटींहून जास्त माफी होणार नाही. ती तीन-चार वर्षे अधिसूचनेविनाच सरली. त्याच काळात कर्जाला पात्र ठरवणारी मर्यादा तेवढी तीन लाखांवर गेली.