माशांना पाव घातला म्हणजे जीवदया झाली का?



डिसेंबरात आपल्या महिला मंडळाची सहल मालवणला निघाली आहे. चार दिवस ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस पडतोय. कांदा-लसूण नसेल ना? बटाटा? सूर्यास्ताआधी जेवण मिळेल का? पाणी गाळायला फडकं कोण आणणार? प्रश्न योग्यच आहेत, त्यातले दोन तर मीच विचारलेत. पण दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात ‘स्नॉर्कलिंग : प्रवाळ व रंगीत मासे’ असं लिहिलंय, त्याबद्दल एकीनंही काही विचारलं नाही. आपलं जैनपण ताटापाशी सुरू होतं आणि ताटापाशीच संपतं, असं झालंय. आज मला त्याच्याशीच भांडायचंय.

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर गेले होते, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून पाण्यात उतरले. डोळ्यांवर चष्मा, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट. नळीत पाणी शिरलं, मी घाबरले आणि खाली दिसलेल्या खडकावर दोन्ही पाय रोवून उभी राहिले. होडीवाले दादा ओरडले, “ताई, पाय उचला, जिवंत आहे तो!” पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातला तो माणूस. जीव कुठे आहे ते त्यांना कळत होतं. पाठशाळेत एकेंद्रिय-द्वींद्रिय पाठ केलेल्या मला कळलं नव्हतं.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. काही मिलिमीटरचे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. प्रत्येकाला तोंड असतं, तोंडाभोवती इवलेसे बाहू असतात, आणि अंगाखाली ते चुन्याचं घर बांधत जातात. आपण पाहतो ते त्यांचं गाव. गोल दगडासारखी दिसणारी प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वीतभर उंची गाठायला वीस वर्षं लागतात, आणि वरची जिवंत कातडी खरवडून निघायला माझी एक टाच पुरते.

आपल्या जुन्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायात मोजलंय, विज्ञान त्याला प्राणी म्हणतं. यावर पंडितांनी खुशाल चर्चा करावी. पण ‘निर्जीव’ दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. मग आपणच कशा म्हणतो?

आता पावाकडे येते. होडीत हातात पावाचा तुकडा मिळतो, तो पाण्यात धरला की मासे झुंडीनं येतात, फोटो छान निघतो. त्या दिवशी आमच्यातली एक म्हणाली, “चला, फिरायला आलो आणि पुण्यही लागलं.” मला तेव्हा ते पटलंही होतं. मुंग्यांना पीठ, पाखरांना दाणे, तसा माशांना पाव! पण त्यांतले कितीतरी मासे प्रवाळावरचं शेवाळ चरून पोट भरतात. त्यांच्या चरण्यानं प्रवाळाला मोकळी जागा आणि ऊन मिळतं. आयत्या पावाची सवय लागली की चरणं मागे पडतं, शेवाळ माजतं आणि उरलेला पाव तिथंच कुजतो. मैद्याचा पाव हे माशाचं अन्नच नाही. ज्या दानात घेणाऱ्याचं हित पाहिलेलं नाही, ती दया कसली? ती आपली करमणूक. करमणूक करायची तर करा, पण तिला पुण्याच्या खात्यात लिहू नका.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे. त्यात प्रमादचर्या सांगितली आहे : गरज नसताना, बेफिकिरीनं माती उकरणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं. मौजेसाठी प्रवाळावर उभं राहणं यात बसत नसेल, तर मग काय बसतं?

कोणी म्हणेल, “एवढ्या मोठ्या समुद्रात माझ्या एका पायानं काय होतंय?” बटाट्याच्या वेळी आपण असं म्हणतो का? शिवाय प्रवाळ काही समुद्रभर पसरलेलं नाही. होड्या त्याच त्या मोजक्या जागी थांबतात, आणि प्रत्येक होडीत अशीच एक घाबरलेली ताई असते. त्यात समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंशही जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं, तर प्रवाळ पांढरं पडतं, उपाशी राहतं. आधीच आजारी असलेल्यावर आपण पाय द्यायचा?

दुसरीकडे घरातल्या ज्येष्ठ म्हणतील, “मग जाऊच नका.” ज्यांनी तसा नियम घेतलाय त्यांना माझा नमस्कार. पण आपण निघालोच आहोत, पैसेही भरलेत. निघालेल्यांनी निदान यत्नाचार सोडू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि शुद्ध जेवण मिळालं म्हणून सहल ‘जैन’ झाली, असं तरी म्हणू नये.

तेव्हा माझा आग्रह असा. ज्यांना तरंगण्याची भीती वाटते, त्यांनी आधी वाळूच्या उथळ पाण्यात नळीनं श्वास घ्यायची सवय करावी. तरी जमलं नाही तर होडीतच बसावं, त्यात कमीपणा नाही. पाण्यात हात छातीशी, पाय वर. पाव नको, हे होडीवाल्यांना निघण्याआधीच सांगायचं. उन्हाची क्रीम चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला घातक ठरू शकतात म्हणून हवाई आणि पलाऊनं त्यांच्यावर बंदी आणली आहे. किनाऱ्यावरचा शंख नातवंडांसाठी पिशवीत टाकायचा नाही. रिकाम्या शंखातही खेकडा घर करतो. प्रवाळाचा तुकडा तर मुळीच उचलायचा नाही : कायद्यानं त्याला वाघाच्या बरोबरीनं पहिल्या परिशिष्टात ठेवलंय, आणि मालवणचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे.

माझी आजी विहिरीचं पाणी गाळायची आणि फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्याच विहिरीत हलकेच परत सोडायची. दुसऱ्या पाण्यात नाही, त्याच पाण्यात. तिनं समुद्र कधी पाहिला नाही. आपण पाहणार आहोत, आणि तिथले जीव तर चष्म्यातून स्पष्ट दिसतात.

ग्रुपवर आज मी एकच प्रश्न टाकतेय : पाव न नेणारी होडी कोण ठरवणार? कोणी पुढे आलं नाही, तर मी ठरवीन.