वाढीव सहा महिने धानपट्ट्याला द्या

फिजिओथेरपीची पदवी आता पाच वर्षांची होणार आहे. २०२१ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाने २०२५ मध्ये या विद्याशाखेचा देशभर एकसारखा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात चार वर्षे शिक्षण आणि पुढे पूर्ण वर्षभराची इंटर्नशिप आहे. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ‘बीपीटीएच’ पदवी आजवर साडेचार वर्षांची आणि त्यातली इंटर्नशिप सहा महिन्यांची होती. म्हणजे यापुढे राज्यातला प्रत्येक विद्यार्थी रुग्णांमध्ये सहा महिने जास्त राहील. हे सहा महिने त्याने कुठे काढायचे, यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. ते पुन्हा त्याच महाविद्यालयाच्या त्याच ओपीडीत काढायचे असतील, तर पदवी लांबेल आणि पालकांचा खर्च वाढेल, एवढेच. हा वाढीव काळ भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांत घालवावा. रुग्णांची त्यात सोय आहेच. पण खरा फायदा शिक्षणाचा आहे.

गेले वर्षभर चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टींची. आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी पत्र काढून फिजिओथेरपिस्टांना नावापुढे ‘डॉ.’ लावण्यास मनाई केली आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतले. त्यावरून डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टांच्या संघटना हमरीतुमरीवर आल्या. दुसरा वाद प्रवेशासाठी ‘नीट’ सक्तीची करण्याचा. आपल्या राज्यात या अभ्यासक्रमाचे प्रवेश आधीपासून ‘नीट’च्या गुणांवरच होतात, त्यामुळे इथे त्यात नवे काही नाही. उपाधीचा प्रश्न व्यवसायाच्या मानाचा आहे, तो आयोग आणि न्यायालये सोडवतील. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या शेतमजुराला त्याने काही फरक पडत नाही. त्याच्या दृष्टीने नव्या अभ्यासक्रमातली एकच गोष्ट कामाची आहे : शिकून जवळजवळ तयार झालेले हात सहा महिने जास्त उपलब्ध होणार आहेत.

या हातांची गरज भंडाऱ्यात किती आहे, हे जिल्ह्यातल्या कामांकडे पाहिले तरी कळते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख आणि मुख्य पीक धान. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळी बांधीत उतरते ती दिवस कलेपर्यंत कमरेतून काटकोनात वाकलेली असते. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताने रोपे चिखलात खोचायची आणि उलट पावलांनी मागे सरकायचे. चिखलातून पाय उपसताना गुडघ्याला पीळ बसतो. मान मात्र वर उचललेली. घरी आल्यावर चुलीपुढे आणि भांडी घासताना तीच कंबर पुन्हा वाकते. रोवणी नसते तेव्हा तेंदूपत्ता तोडायचा, काही घरांत मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बिड्या वळायच्या. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत, मोहाडीकडे कोशाचे विणकर आहेत. यातले प्रत्येक काम शरीराचा एखादा सांधा किंवा स्नायू ठरवून झिजवते. पुनर्वसन उपचारांची गरज जगात सुमारे २४१ कोटी लोकांना आहे आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण कंबरदुखी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या २०२० च्या अभ्यासातून पुढे आले. धानपट्ट्यात मात्र कंबरदुखीला आजार म्हणण्याचीही पद्धत नाही. गोळी घ्यायची, मलम चोळायचे आणि दुसऱ्या दिवशी बांधीत उतरायचे.

दुसरे उदाहरण लकव्याचे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणे तपासली. पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार असल्याचा समज खोडून काढला. लाखांदूर तालुक्याच्या सीमेपलीकडचे हे वास्तव अलीकडे फार वेगळे असण्याचे कारण नाही. मेले ते मोजले गेले. वाचले त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न फिजिओथेरपीचा आहे. लकव्यानंतर हालचाल परत येण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. नेमका तोच काळ रुग्ण घरी खाटेवर काढतो. उठवताना घरचे लोक मायेपोटी लुळा हात धरून ओढतात, त्याने खांद्याचा सांधा निखळतो आणि बरा होऊ शकणारा हात दुखण्यामुळे कायमचा जायबंदी होतो. काखेत नव्हे, पाठीमागून आधार द्यायचा, लुळा हात उशीवर ठेवायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची, हे शिकवायला यंत्र लागत नाही, शिकवणारा माणूस लागतो. तो नागपुरात आहे. साकोलीहून नागपूर शंभर किलोमीटरच्या घरात. आठवड्यातून तीनदा रुग्णाला तिथे न्यायचे म्हणजे सोबत जाणाऱ्याचीही मजुरी बुडणार. म्हणून दोन-तीन खेपांनंतर उपचार सुटतात आणि कागदावर ‘रुग्ण आला नाही’ एवढीच नोंद उरते.

लहान मुले आणि सिकलसेलचे रुग्ण यात धरायलाच हवेत. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा खुंटून ऐन तारुण्यात तो झिजू शकतो, मेंदूत रक्तपुरवठा अडून मुलांना लकवाही होऊ शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घेतले. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासण्या आणि कार्डे यांवर त्यात भर आहे, तो योग्यच. पण खुबा दुखू लागलेल्या विशीतल्या मुलाने काठी कोणत्या हातात धरावी, कोणते ओझे टाळावे, कोणता व्यायाम करावा, हे कार्डावर लिहिलेले नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्यातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या आराखड्यात फिजिओथेरपिस्ट धरलेला आहे. पण सात तालुक्यांमधल्या जन्मतः मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या गावचे एक केंद्र पुरे पडेल, अशी अपेक्षा करणे चूक आहे.

या शाखेचा आपला इतिहासही हेच सांगतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओने मुले लुळी पडू लागली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने महापालिकेच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. त्याच रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले होते. दोन्ही शाखा गरिबांच्या रुग्णालयात, रुग्णांच्या गर्दीत जन्मल्या. पुढे खासगी महाविद्यालये वाढली आणि केंद्र शहरात स्थिरावले. समुदाय फिजिओथेरपी हा विषय अभ्यासक्रमात आहे, त्याची परीक्षाही होते. पण शहरातल्या ओपीडीत शिकलेला विद्यार्थी गुडघेदुखीच्या रुग्णाला सांगतो, मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, खुर्चीचा वापर करा. पवनीच्या शेतमजूर बाईला हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण तिचे स्वयंपाकघर, शौचालय आणि रोजी, तिन्ही जमिनीलगत आहेत. तिच्यासाठी काम कसे तोडून करायचे, दर अर्ध्या तासाला कंबर कशी सरळ करायची, रोवणीच्या महिनाभर आधी मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू कसे बळकट करायचे, याचा विचार करावा लागतो. हा विचार करायला विद्यार्थी बांधीच्या धुऱ्यावर उभा राहिल्यावरच शिकतो. म्हणून ग्रामीण नेमणूक ही समाजसेवेची सक्ती ठरत नाही. तो शिक्षणाचाच आजवर अपुरा राहिलेला भाग आहे.

आता त्यासाठी सोयही तयार झाली आहे. राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, त्यांत भंडारा आहे. नागपूर आणि वर्ध्यातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांनी आपल्या इंटर्नना सहा महिन्यांसाठी इथे पाठवावे. पहिले तीन महिने भंडाऱ्याच्या शासकीय रुग्णालयात, अस्थिरोग, मेडिसिन आणि बालरोग विभागांच्या सोबतीने. पुढचे तीन महिने तुमसर, साकोलीची उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये, आणि आठवड्यातून दोन दिवस आशा स्वयंसेविकेबरोबर घरभेटी. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपमध्ये समुदाय आरोग्याची नेमणूक असते आणि आता गावातली कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आहे. त्याच कुटुंबांत दोन्ही शाखांचे विद्यार्थी एकत्र गेले, तर ‘डॉ.’ कोणी लावायचे या भांडणापेक्षा एकमेकांचे काम ओळखणे दोघांनाही अधिक उपयोगी पडेल.

यावर पहिला आक्षेप येईल तो यंत्रांचा. ग्रामीण रुग्णालयात ‘करंट’ची, शेकण्याची यंत्रे नाहीत, मग इंटर्न करणार काय? रुग्णही मशीन लावली तरच उपचार झाला असे मानतात, हे खरे. पण कंबरदुखी, गुडघ्याची झीज, लकवा या तिन्हींत आज सर्वाधिक भर व्यायाम, हालचाल आणि रुग्णाला समजावून सांगण्यावर आहे, यंत्रे दुय्यम. एक रिकामी खोली, चटई, चालण्याच्या सरावाचे समांतर दांडे आणि पायऱ्या एवढ्यावर बरेच काम होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : देखरेखीशिवाय इंटर्न रुग्णाला इजा करू शकतो. पाठदुखीमागे क्षय किंवा कर्करोगही असू शकतो, अचानक लघवीवरचा ताबा जाणे हे तातडीच्या शस्त्रक्रियेचे लक्षण असते. असे रुग्ण वेळीच ओळखून डॉक्टरकडे पाठवणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, पण त्यासाठी जागेवर एक अनुभवी फिजिओथेरपिस्ट असायलाच हवा. तो नसेल तिथे इंटर्न पाठवू नये, एवढी अट स्पष्ट लिहावी.

इथेच सर्वांत टोकदार आक्षेप उभा राहतो. सरकार नियमित पदे भरणार नाही, कंत्राटी माणसांवर आणि फुकटच्या इंटर्नवर रेटून नेईल, अशी भीती विद्यार्थी आणि व्यावसायिक बोलून दाखवतात. ती निराधार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली अनेक पदे वर्षानुवर्षे कंत्राटीच राहिली आहेत. उत्तर एकच आहे. देखरेखीची अट पाळायची तर प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे किमान एक नियमित पद भरावेच लागेल. म्हणजे इंटर्नशिप पदाला पर्याय ठरणार नाही, पद भरल्याशिवाय ती सुरूच होणार नाही. पुढे त्याच पदांमुळे पदवीधरांना शहरातल्या जिमखेरीज आणि परदेशाखेरीज तिसरी वाट मिळेल. विद्यार्थ्यांच्या बाजूने आणखी दोन गोष्टी आहेत : पूर्ण विद्यावेतन आणि, विशेषतः मुलींसाठी, सुरक्षित निवास. खासगी महाविद्यालये इंटर्नकडून आपल्या ओपीडीचे काम करून घेतात, त्यांना हे सहा महिने सोडवणार नाहीत. त्यांच्या सोयीपेक्षा विद्यापीठाने शिक्षणाच्या गरजेला प्राधान्य द्यावे.

काम अवघड आहे ते दोन खात्यांमुळे. वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. एका खात्याचा इंटर्न दुसऱ्या खात्याच्या इमारतीत बसवायचा, तर खुर्चीपासून विद्यावेतनापर्यंत प्रत्येक गोष्टीवर पत्रव्यवहार होतो. म्हणूनच नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी इंटर्नशिपला पोचायला जी चार वर्षे मिळतात, ती हातावर हात ठेवून घालवू नयेत. विद्यापीठाने इंटर्नशिपसाठी मान्य रुग्णालयांच्या यादीत जिल्ह्यातली रुग्णालये आताच घ्यावीत, दोन्ही खात्यांनी संयुक्त शासन निर्णय काढावा आणि पदभरतीला सुरुवात करावी. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीपासून आरंभ केला तर चार वर्षांत घडी बसेल. तसे न झाल्यास विद्यार्थ्याच्या आयुष्यातले सहा महिने खर्ची पडतील, पालकांचा पैसा जाईल आणि धानपट्ट्यातल्या कंबरा तशाच मोडत राहतील. मग अभ्यासक्रम बदलून नेमके काय साधले, हे आयोगाला आणि विद्यापीठाला सांगावे लागेल.