न दिसणारें मन

मानसशास्त्रानें केवळ वर्तन पाहावें, मनाची चर्चा वर्ज्य करावी, असें वॉटसन यांनीं १९१३ सालीं प्रतिपादिलें. स्किनर यांनीं दाढदुखीसारखी आंतरिक वेदना खरी मानली. मात्र वर्तनाचें मूळ कारण परिस्थितींतच शोधिलें. टोलमन यांची दृष्टि निराळी. त्यांनीं व हॉन्झिक यांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं उंदीर दहा दिवस चक्रव्यूहांत फिरविले. शेवटीं खाद्य नव्हतें. अकराव्या दिवसापासून खाद्य मिळूं लागतांच त्यांच्या चुका झपाट्यानें घटल्या. अर्थात् वाट त्यांस आधींच अवगत होती. वर्तनांत ती दिसली नव्हती इतकेंच. आम्हांस हेंच मत ग्राह्य वाटतें. एका परीक्षेवरून मुलास मंदबुद्धि ठरविणाऱ्या पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं हें ध्यानांत ठेवावें. सुप्त ज्ञान प्रकट होण्यास निमित्त देणें, हेंच आपलें कर्तव्य होय.