बोटीच्या पोटातल्या बायका

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी पाच माणसांसह बेपत्ता झाली. चार दिवस जगभर एकच चर्चा: प्राणवायू किती तास पुरेल? तिकीट माणशी अडीच लाख डॉलर, म्हणून लोक हसलेही. पैशाचा माज, बुडाले तर बुडू देत! मला ते हसणं सहन होत नाही. आत एकोणीस वर्षांचा मुलगा होता आणि त्याची आई वर जहाजावर वाट बघत होती.

काहींनी मात्र दुसऱ्या बोटीची आठवण दिली. चारच दिवस आधी, १४ जूनला, लिबियाहून निघालेली मच्छीमार बोट ग्रीसच्या पायलॉसजवळ बुडाली होती. वर पाकिस्तान, सीरिया, इजिप्तची सुमारे साडेसातशे माणसं. त्यांच्यासाठी तास कुणी मोजले? ही टीका रास्तच होती.

पण तिच्यातही एक गोष्ट ओझरतीच आली. वाचले १०४, आणि सगळे पुरुष. बाई एकही नाही. वाचलेल्यांनी सांगितलं, बायकामुलं खाली, बोटीच्या पोटात होती. संरक्षण म्हणून, असंही बातम्यांत आलं. संरक्षण! हा शब्द आपल्या चांगल्याच ओळखीचा. पोहता येण्याची गोष्ट नंतरची, आधी वर यायला वाट तर हवी.

श्रीमंत-गरीब असा हिशेब मांडणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांना मला विचारायचंय: त्या शेकडोंत बायका किती होत्या, हे तुम्ही विचारलंत का?