रजेवर असताना आलेला ताप

मंडळी, आपल्या मंडळातली मुलं आता परदेशात नोकरी शोधतात तशी बडोद्यात बसून परदेशात माणसं नेमायलाही लागली आहेत. त्यांच्यासाठी माझीच एक फजिती सांगतो.

मकरपुरा जीआयडीसीत आमचा पॅकिंग मशिनांचा छोटा कारखाना आहे. जर्मनीत मशिनं जायला लागली, तेव्हा देखभालीसाठी तिथलीच एक इंजिनिअर नेमली. करारात मी ठसठशीत लिहिलं, ‘भारतीय कायदा लागू राहील. वर्षाला 20 दिवस रजा.’ वाटलं, काम झालं.

ऑगस्टमध्ये ती दोन आठवडे रजेवर गेली. परतल्यावर तिची मेल आली: रजेतले 4 दिवस तापाने अंथरुणात गेले, डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत आहे, तेवढी रजा परत जमा करावी. माझं डोकंच सणकलं. रजेवर असताना आजारपणाची रजा? ‘आमच्याकडे हे चालत नाही’ असं उत्तर लिहूनही ठेवलं. सुदैवाने पाठवण्याआधी तिथे आमचं पगारपत्रक करणाऱ्या बाईंना फोन केला.

त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे काय चालतं हा प्रश्नच नाही. ती काम इथे करते.”

मग एकेक गोष्ट कळत गेली. करारात कुठलाही कायदा लिहा, माणूस ज्या देशात नेहमी काम करतो तिथलं सक्तीचं संरक्षण त्याच्याकडून काढून घेता येत नाही, असा युरोपीय संघाचा नियम आहे. जर्मनीचा रजेचा कायदा 1963 चा. त्यात किमान 24 दिवस लिहिलेत, पण ते सहा दिवसांचा आठवडा धरून. पाच दिवसांच्या आठवड्याला 20 होतात, म्हणजे तेवढं माझं बरोबर निघालं, तेही नशिबाने! सार्वजनिक सुट्ट्या यात धरायच्या नाहीत, आणि त्या राज्याराज्यात वेगळ्या. रजेत आजारी पडल्याचं प्रमाणपत्र असेल, तर ते दिवस रजेतून कापता येत नाहीत. आजारपणाचा पगार निराळा: नोकरीला 4 आठवडे झाल्यावर, एका आजारासाठी 6 आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकाने द्यायचा. आणि नोकरी चालू असताना किमान रजेच्या बदल्यात पैसे देऊन मोकळं होता येत नाही.

बाईंना मी विचारलं, “पण एवढं कशासाठी?” त्या सहज म्हणाल्या, “रजा विश्रांतीसाठी असते. तापात कसली विश्रांती?”

मी लिहिलेलं उत्तर पुसलं, 4 दिवस जमा केले आणि तिला तसं कळवलं. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्याच वर्षी गणपतीत आमचे फोरमनकाका 5 दिवसांच्या रजेवर गेले होते आणि त्यातले 3 दिवस डेंग्यूने दवाखान्यात होते. बाबांच्या वेळेपासूनचे ते. त्यांनी काही मागितलं नाही, मीही काही विचारलं नाही. रजिस्टरमध्ये 5 दिवस कापले गेले. जर्मनीतल्या मुलीला 8 महिने झाले होते, काकांना 26 वर्षं.

दुसऱ्या दिवशी ते 3 दिवस परत मांडले. काका म्हणाले, “कशाला उगाच, भाऊ?” पण दिवाळीत ते 3 दिवस नातवाकडे सुरतेला जाऊन आले.

तेव्हा मुलांनो, परदेशात कुणाला नेमाल किंवा स्वतः नोकरीला लागाल, तर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. किमान रजा किती आणि आठवडा किती दिवसांचा धरलाय? आजारपणाचा पगार कोण देतो, किती दिवस? सुट्ट्या कुठल्या राज्याच्या? नोकरी सोडताना नोटीस किती? उत्तरं तिथल्या जाणकाराकडून लेखी घ्या. त्याची फी माझ्या त्या न पाठवलेल्या मेलपेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

आणि तिथलं रजिस्टर नीट लावून झालं, की एकदा इथलंही उघडून बघा.