चिठ्ठीचा जाब कोणीं द्यावयाचा ?

इ. स. २०२५ च्या सप्टेंबर-आक्टोबरांत मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याचें पातळ औषध पोटांत गेल्यामुळें वीसांहून अधिक मुलें मूत्रपिंडें निकामी होऊन दगावलीं, हें आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्यांतील पुष्कळांस उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. तेव्हां हें दुःख परप्रांताचें म्हणून दूर सारण्याजोगें नाहीं. त्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचें विष शेंकडा ४८.६ या प्रमाणांत निघालें. विष बाटलींत गेलें कसें व तें कोणीं तपासलें नाहीं, याचा निवाडा न्यायासनासमोर होईल. आमचा आजचा प्रश्न निराळा आहे. औषध अगदीं शुद्ध असतें, तरी तें त्या वयाच्या मुलांस द्यावयास हवें होतें काय ?

याचें उत्तर सरकारच्याच दप्तरांत सांपडतें. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन हीं दोन्ही द्रव्यें त्या बाटलींत होतीं. आणि यांचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊं नये अशी सूचना वेष्टनावर छापावी, असा हुकूम औषध-नियंत्रकांनीं डिसेंबर २०२३ मध्येंच काढला होता. हुकूम निघाला, कागदावर राहिला. मुलें गेल्यावर, ३ आक्टोबर २०२५ रोजीं, दोन वर्षांखालील मुलांस खोकल्याचीं औषधें देऊंच नयेत व पांच वर्षांखालीं तीं सहसा देऊं नयेत, असें केंद्राच्या आरोग्य-संचालनालयानें डॉक्टरांस पुनः बजावलें. जें ज्ञान आधींच होतें, तें छिंदवाड्याच्या दवाखान्यापर्यंत पोंचावयास इतक्या जिवांचें मोल पडावें, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

लहान मुलाचा साधा सर्दी-खोकला बहुधा आपोआप बरा होतो. हें डॉक्टरांस ठाऊक असतें. परंतु रिकाम्या हातानें परत पाठविलेली आई समोरच्या दवाखान्यांत जाईल, ही भीति त्यांस असते. आणि पैसे दिले तर बाटली मिळालीच पाहिजे, अशी आपल्याही लोकांची समजूत आहे. 'सुई नाहीं टोंचली, मग डॉक्टर कसला ?' हें वाक्य कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं ? दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हे, हें आम्ही स्पष्ट सांगतों. पण ज्यानें विद्या घेतली त्यानें अडाण्याच्या हट्टास बळी पडावें, हा बचाव आम्हांस मान्य नाहीं. जगांतील निम्म्याहून अधिक औषधें अयोग्य रीतीनें लिहिलीं, दिलीं किंवा विकलीं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज आहे. म्हातारपणीं तर ही आपत्ति दुणावते. गुडघ्याचा डॉक्टर एक, मधुमेहाचा दुसरा, झोंपेच्या गोळ्या तिसऱ्याच्या. तिन्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवून पाहणारा कोणीच नाहीं. अमेरिकेंत वृद्धांस धोक्याच्या ठरणाऱ्या औषधांची यादी डॉ. बीअर्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली व ती वरचेवर सुधारली जाते. तशी यादी आपल्या किती दवाखान्यांच्या मेजावर आहे ?

गजकर्णाचें उदाहरण घ्या. साध्या बुरशीनाशक मलमानें व धीरानें जाणारा हा रोग. त्यावर स्टेरॉइड मिसळलेलें मलम लावलें कीं खाज दोन दिवसांत थांबते, रोगी खूष होतो, आणि आंतल्या आंत तो चट्टा पसरून हटवादी बनतो. अशीं स्टेरॉइड मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत, असा नियम २०१८ सालीं करावा लागला.

आतां कायद्याकडे वळूं. औषधांच्या चौकशीसाठीं कर्नल चोप्रा यांची कमिटी १९३० सालीं नेमली गेली, आणि कायदा झाला १९४० सालीं. ही मंदगति अद्याप आपली पाठ सोडीत नाहीं. या कायद्याच्या २६-अ कलमान्वयें सरकारनें मार्च २०१६ मध्यें निरर्थक अशीं ३४४ मिश्र औषधें बंद केलीं. कारखानदार दिल्लीच्या हायकोर्टांत गेले. तांत्रिक सल्लागार मंडळाचा सल्ला घेतला नव्हता, या मुद्यावर त्याच वर्षीं डिसेंबरांत तो हुकूम रद्द झाला. सुप्रीम कोर्टानें डिसेंबर २०१७ मध्यें प्रकरण त्या मंडळाकडे धाडलें, व सप्टेंबर २०१८ मध्यें ३२८ मिश्रणें पुनः बंद झालीं. आम्ही स्वतः कायद्याचे विद्यार्थी आहों. रीतीनें चाला असें कोर्टानें सांगितलें याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती ज्या खात्यानें पहिल्याच वेळीं रीत पाळली नाहीं त्याविषयीं. त्या चुकीपायीं अडीच वर्षें गेलीं.

कंपन्यांच्या प्रतिनिधींनीं डॉक्टरांस नजराणे व परदेशच्या सफरी देऊं नयेत, अशी आचारसंहिता मार्च २०२४ मध्यें नव्यानें काढण्यांत आली. परंतु तक्रार ऐकावयाची ती कारखानदारांच्याच संघांनीं नेमलेल्या समितीनें. आरोपीनेंच पंच नेमावे, असा हा न्याय !

वस्तुतः साधनें हाताशीं आहेत. प्रतिजैविक लिहितांना तें कां दिलें याचें कारण चिठ्ठीवर नमूद करावें, असें आरोग्य-संचालनालयानें जानेवारी २०२४ मध्यें डॉक्टरांस कळविलें. ही विनंति न राहतां नियम व्हावा, व लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या प्रत्येक चिठ्ठीस तो लागू करावा, असें आमचें मत आहे. कारण लिहावें लागलें कीं हात आपोआप थबकतो. औषधाचें मूळ नांव सुवाच्य लिहावें, हा वैद्यकीय परिषदेचा २०१६ चा दंडक होताच. तो कितपत पाळला गेला, हें कोणत्याही औषधाच्या दुकानांत पांच मिनिटें उभें राहिल्यास कळेल.

आमच्या वाचकांत औषधांचे व्यापारीही पुष्कळ आहेत. त्यांस एच-वन परिशिष्टाची वही ठाऊक आहे. १ मार्च २०१४ पासून त्यांतील औषधें विकतांना डॉक्टरचें, रोग्याचें व औषधाचें नांव आणि विकलेला माल या वहींत नोंदवून ती तीन वर्षें जपावी लागते. जो दुकानदार ती इमानानें लिहितो, त्याचें गिऱ्हाईक शेजारी बिनचिठ्ठीनें विकणाऱ्याकडे जातें. प्रामाणिकपणाचा हा दंड त्यानें किती दिवस भरावा? अन्न व औषध प्रशासनानें प्रत्येक जिल्ह्यांत किती दुकानांच्या वह्या तपासल्या, किती कोऱ्या निघाल्या व कोणाचा परवाना थांबविला, याचा तक्ता दर तिमाहीस वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा. पहिला तक्ता आम्ही एकही पै न घेतां छापूं.